वर पाहा, खाली पाहा

नत्थूजी उमाट्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या डोक्यावर गादी होती. बदली होऊन आम्ही आष्टीला नवेच आलो होतो. मेटाडोरमधून सामान उतरत होतं, हमाल अर्ध्या कामातच चहाला गेले होते आणि मी वैतागून गादी स्वतःच डोक्यावर घेऊन फाटकातून आत शिरत होतो. एवढ्यात एक उंच, काटकुळा, पांढऱ्या केसांचा म्हातारा समोर आला. त्याने माझी हनुवटी धरली, खिशातून पेनाएवढी टॉर्च काढली आणि सरळ माझ्या डोळ्यांत उजेड मारला.

"वर पाहा जी."

मी वर पाहिलं. वर गादी होती.

"आता खाली पाहा."

खाली त्याच्या चपला होत्या, टाचेकडे झिजून कागद झालेल्या.

"काई नाई. जा," असं म्हणून त्याने टॉर्च खिशात टाकली, गादीचं मागचं टोक धरून ती आतल्या खोलीपर्यंत पोचवली आणि नावगाव न सांगता निघून गेला. बायकोने विचारलं, कोण होते हो? मी म्हणालो, सरकारी माणूस असावा, इतक्या हक्काने दुसरं कोणी हात लावत नाही.

सरकारी नव्हता. शेजारी होता. आयुष्यभर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करून नत्थूजी आपल्या गावी परत आले होते आणि आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहत होते. कॉलनीतला एकही डोळा त्यांनी सोडलेला नव्हता. दूधवाला, पेपरवाला, मीटर पाहायला येणारा, कुणाकडे आलेला पाहुणा, सगळे एकदा तरी त्यांच्या टॉर्चसमोर उभे राहिलेले. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारोदार फिरत होता. नत्थूजींनी त्याची हनुवटी धरली. त्याला वाटलं म्हातारा आशीर्वाद देतोय, त्याने भक्तिभावाने मान वाकवली. नत्थूजींनी ती सरळ केली, वर पाहा, खाली पाहा करवलं आणि मागच्या वीस कार्यकर्त्यांनाही रांगेत लावलं. त्या दिवशी प्रचार आमच्या गल्लीच्या पुढे गेला नाही.

ते काय शोधतात हे मी तिसऱ्या दिवशी विचारलं. ती माझी चूक. कारण नत्थूजी उत्तर देतात ते चालता चालता, आणि ऐकायचं असेल तर आपल्यालाही चालावं लागतं. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. बसणं हा माझा धंदा आहे. नत्थूजी मात्र कधी बसत नाहीत. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, पेपर अंगणात येरझाऱ्या घालत वाचायचा. सायकल आहे, पण तिच्यावर बसत नाहीत, हातात धरून चालवतात. सायकलवर बसलं की समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

ते शोधत होते तांबं. काही माणसांच्या अंगात जन्मापासूनच तांबं साठत जातं आणि साठता साठता बुबुळाच्या काठावर त्याचं बारीकसं कडं उमटतं. वरच्या काठावर आधी, मग खालच्या. म्हणून वर पाहा, खाली पाहा. हे कडं वेळेत दिसलं तर गोळ्यांनी माणूस वाचतो, नाही दिसलं तर आधी हात कापायला लागतात, मग जीभ जड होते, मग काविळीसारखं काहीतरी होतं आणि लोक म्हणतात, याला बाहेरचं लागलं. असा रोगी हजारोंमध्ये एखादा.

"तुम्हाला किती सापडले?" मी विचारलं.

"एकबी नाई," नत्थूजी म्हणाले, आणि इतके खूश दिसले की मला काही समजेना.

तांबं म्हणजे विष, असं मात्र त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. माझ्या बायकोने, सुनंदाने, एकदा ते म्हटलं तर तिला फाटकापासून पोस्टापर्यंत चालत व्याख्यान ऐकावं लागलं. रक्ताला लोखंड लागतं हे सगळ्यांना माहीत, पण ते लोखंड जागचं हलवायला तांबं लागतं. केस काळे राहायला तांबं, हाडाला तांबं, नसेला तांबं. पोटातल्या बाळाला आई तांब्याची शिदोरी बांधून देते, कारण दुधात ते थोडंच असतं आणि पहिले काही महिने लेकराला त्या शिदोरीवरच काढायचे असतात. खेकड्याच्या आणि गोगलगायीच्या रक्तात तर लोखंडाच्या जागी तांबंच, म्हणून त्यांचं रक्त निळसर. हे त्यांनी शेजारच्या वहिनींना ऐन खेकडे साफ करताना सांगितलं होतं. त्या घरी तेव्हापासून खेकडे आणत नाहीत.

त्यांचं सगळं शरीरशास्त्र जाम गावच्या चौकात उभं होतं. "जामले गेलते कधी?" ते विचारत. "एक रस्ता नागपूरले, एक हैद्राबादले, एक चंद्रपूरले, एक वर्ध्याले. कोन्या गाडीनं कुठं जायाचं ते चौकात ठरते. आपलं लिव्हर म्हंजे तोच चौक. लागन तेवढं तांबं गाडीत बसवून अंगभर पाठवते, उरलं ते पित्तात टाकून बाहेर काढते. बाहेरचा रस्ता बंद झाला, का गाड्या तुंबल्या. पहिले चौकात, मंग गावात, मंग घराघरात." घराघरात म्हणताना ते आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवत.

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई. तांबं अंगात शिरलं की त्याला मोकळं सोडत नाहीत म्हणे. आतड्यात एक जण त्याला धरतो, तो दुसऱ्याच्या हाती देतो, दुसरा तिसऱ्याच्या. "तांब्याले एकट्यानं हिंडाची परवानगी नाई, राऊतभाऊ. कोनी ना कोनी हात धरूनच असते त्याचा. एकटं हिंडलं का ते दिसन त्याले चावत सुटते." हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणत आणि मग सायकल धरून एकटेच बाजाराच्या दिशेने जात.

बाजारातही त्यांना स्वस्थता नव्हती. एका बाईच्या शेळीला झालेलं पिल्लू मागचे पाय ओढत चालत होतं. नत्थूजींनी सांगितलं, शेळीच्या पोटात तांबं कमी पडलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखव. डॉक्टरने क्षार चाटायला दिले, पुढच्या खेपेची पिल्लं उड्या मारत हिंडू लागली. बाई खूश. तिने आनंदाच्या भरात उरलेले क्षार नणंदेच्या मेंढ्यांना दिले. हे तिने सहज बोलता बोलता सांगितलं आणि नत्थूजींचा चेहरा उतरला. मेंढीला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही. शेळीचं औषध मेंढीला जहर. नणंदेचं गाव चार कोस. नत्थूजी तसेच निघाले, सायकल हातात धरून. सायकल होती तर बसून का नाही गेलात, असं मी नंतर विचारलं. "घाईत सुचलं नाई," ते म्हणाले. मेंढ्या वाचल्या.

असा हा माणूस. मला तो आवडायचा, आणि त्याचा कंटाळाही यायचा. दोन्ही एकाच वेळी. शेजाऱ्यांच्या बाबतीत असं होतं.

मग आमच्या प्राचीचे हात कापायला लागले.

प्राची माझी मुलगी. बारावी झाली होती आणि डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होती. त्या परीक्षेत उत्तरं लिहायची नसतात, छापलेले बारीक गोल पेनाने भरायचे असतात. ती घरी रोज सरावाचे कागद भरायची. उन्हाळा लागता लागता माझ्या लक्षात आलं की शाई गोलाच्या बाहेर जाते. हातातून पेले सुटायचे. भूक दुप्पट झाली होती, पण अंग वाळत चाललं होतं. काही विचारलं की अंगावर यायची. मी ठरवलं, मोबाइल. सुनंदाने ठरवलं, नजर, आणि मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. दोघांचंही निदान घरच्या घरी आणि फुकट.

नत्थूजी एकदा उभ्याने चहा घ्यायला आले होते. प्राचीने कप आणला तर तो बशीवर खुळखुळला. नत्थूजी त्या कपाकडे पाहतच राहिले, चहा घ्यायचं विसरले. मग त्यांचा हात खिशाकडे गेला.

"बेटा, जरा वर पाहा बरं."

"काका, मले अभ्यास आहे," म्हणून प्राची आत निघून गेली आणि दार आपटलं.

त्या दिवसापासून त्यांनी माझी पाठ धरली. पोरीला दवाखान्यात न्या, डोळ्याच्या यंत्रावर दाखवा. मी फाटक उघडलं की ते हजर. मी म्हणायचो, परीक्षा होऊ द्या. ते म्हणायचे, परीक्षा हातानंच द्याची हाय ना. मी चिडायचो, कारण ते खरं होतं. आणि कारण मी घाबरलो होतो. त्यांनी मला सांगितलेली यादी, आधी हात, मग जीभ, मला पाठ होती, आणि रोज सकाळी मी प्राचीला उगाच काहीतरी विचारून तिची जीभ अडखळते का ते ऐकायचो. ती नीट बोलायची, म्हणजे नीट भांडायची. तेवढ्यावर मी दिवस ढकलायचो.

अशात हनुमान जयंती आली. कॉलनीच्या मारुतीचा महाप्रसाद, आणि यंदा व्यवस्था माझ्याकडे. बसून करण्यासारखं काम म्हणून मी ते हौसेने घेतलं होतं. उन्हाचे दिवस, तेव्हा पंगतीला मठ्ठा हवाच. तो प्लॅस्टिकच्या ड्रमात ठेवायचा म्हणजे अगदीच लाजिरवाणं. मी एका घरून जुनं तांब्याचं मोठं पातेलं मिळवलं. आत कल्हई नव्हती. कल्हईवाला गावात येईनासा होऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण चिंचेने घासल्यावर ते असं झळकलं की मी स्वतः त्यात तोंड पाहून भांग पाडला. आदल्या संध्याकाळीच मठ्ठा करून त्यात भरला. चांगला आंबट, मुरलेला. तांब्याचे गुण उतरतील, असंही मी चारचौघांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. आमचे साहेब सहकुटुंब आले होते. मी पळीत मठ्ठा घेऊन पहिला पेला साहेबांच्या हातात देणार तोच नत्थूजी मंडपात शिरले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, बोट बुडवून आतला काठ चाचपला, बोट हिरवट झालेलं पाहिलं. पुढच्या क्षणी त्यांनी पातेल्याला खांदा लावला. सत्तरीच्या माणसात एवढी ताकद कुठून येते देव जाणे. सगळा मठ्ठा मंडपभर झाला. साहेबांचे बूट, बाईंचा शालू, मारुतीसमोरची रांगोळी, सगळं एक झालं. नत्थूजी ओरडून सांगत होते, आंबट तांब्यात ठेवता काय, आतडं तरी किती तांबं अडवन. कोण ऐकतो?

मी त्यांना मंडपाबाहेर नेलं आणि बोललो. पुष्कळ बोललो. त्यातलं एक वाक्य मला आठवतं आणि ते विसरता आलं तर बरं होईल.

"तुमच्या घरात कोनी नाई, म्हनून दुसऱ्याच्या घरात टॉर्च मारत हिंडता काय? आता माह्या फाटकात पाय नाई ठेवाचा, अन् माह्या पोरीच्या डोळ्याकडे पाह्याचं नाई."

नत्थूजींची टॉर्च शर्टाच्या खिशात होती, ती त्यांनी काढून पँटच्या खिशात, खोल, टाकली आणि सायकल धरून गेले.

त्या दिवशी दुपारपासून मला उलट्या सुरू झाल्या. मीठ बरोबर आहे का ते पाहायला म्हणून मी सकाळपासून मठ्ठ्याचे तीन पेले रिचवले होते. माझ्यासोबत चव घेणारे कॉलनीच्या मंडळाचे दोघे सभासदही आपापल्या घरी आडवे झाले होते. मी सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं. सुनंदाने बादली थोडी आपटून ठेवली.

माफी मागायला हवी होती. मागितली नाही. नत्थूजी मात्र शब्दाला पक्के. फाटकाच्या जवळही आले नाहीत. पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेने त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, सकाळी, दुपारी, उन्हातान्हात. प्राची क्लासला निघाली की ते पलीकडे थांबत, आणि ती फाटकाची कडी लावताना तिच्या हाताकडे पाहत. डोळ्याकडे नाही. डोळ्याकडे पाहायची मी मनाई केली होती.

आठवडाभराने एका सकाळी प्राची सरावाचा कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. अर्धे गोल भरले होते, अर्ध्यांवरून नुसत्या रेघा गेल्या होत्या. ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"बाबा, हात माह्यं ऐकत नाई," ती म्हणाली.

मी अनवाणी बाहेर गेलो. नत्थूजी पलीकडे होतेच. मी म्हणालो, या. ते रस्ता ओलांडून आले आणि फाटकाच्या बाहेर थांबले.

"आत येऊ?" त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या खेपेला प्राचीने आपणहून मान वर केली. नत्थूजींनी टॉर्च मारली. वर पाहा, खाली पाहा. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी त्यांच्या तोंडून दोनच शब्द यायची वाट पाहत होतो, आणि ते येईनात. शेवटी त्यांनी टॉर्च बंद केली.

"मले सांगता येत नाई. काळ्या डोळ्यात टॉर्च फसवते. यंत्रावरच पाहा लागन. आजच."

आष्टीहून आर्वी, आर्वीहून वर्धा, वर्ध्याहून सेवाग्राम. सकाळच्या बसला गर्दी नव्हती, निम्म्या जागा रिकाम्या. नत्थूजी उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, आजोबा, बसा ना. ते दांडा धरून दारापर्यंत जायचे, परत यायचे. आर्वीपर्यंत कंडक्टर सांगून सांगून थकला, वर्ध्यापर्यंत प्रवासीही थकले. मला त्यांच्याकडे पाहून गरगरायला लागलं. प्राची खिडकीशी हात मांडीखाली दाबून बसली होती, म्हणजे ते कापताना दिसणार नाहीत.

दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी प्राचीला आत घेतलं. आम्ही दोघे बाहेर. मी बाकावर, नत्थूजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दार उघडलं तसे ते धावले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळे स्वच्छ आहेत. कडं नाही.

"दोन्ही पाह्यले?"

"दोन्ही."

"वरची कड पाह्यली का जी? तितूनच सुरू होते."

बाई हसल्या. त्यांनी प्राचीला पुन्हा यंत्रासमोर बसवलं आणि नत्थूजींना म्हणाल्या, तुम्हीच पाहा. नत्थूजी वाकले. एका डोळ्याला यंत्र, दुसरा मिटलेला, आणि ओठ हलत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, "काई नाई."

डॉक्टरबाईंनी प्राचीची नाडी पाहिली होती, मानेवरून बोटं फिरवली होती. त्यांना थायरॉइडचा संशय होता, आणि दोनचार दिवसांनी रक्ताचा रिपोर्टही तसाच आला. गोळ्या सुरू झाल्या. तांब्याचीही तपासणी केली, तेही जिथल्या तिथे निघालं. म्हणजे नत्थूजी चुकले. त्यांनी तपासलेल्या हजारो डोळ्यांत आणखी दोनांची भर पडली, आणि त्यांच्या चुकीमुळे माझी मुलगी वेळेवर डॉक्टरपुढे गेली. मी बरोबर ठरलो तेव्हाही त्यातून एवढं कधी निघालं नव्हतं.

पण हे नंतरचं. त्या वेळी आम्ही बाहेर आलो आणि नत्थूजी भिंतीला टेकले. टेकले ते घसरत खाली गेले आणि फरशीवर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते पहिल्यांदा. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत, पेला हातात धरून बसले. मी शेजारी बसलो, आणि मारुतीच्या मंडपाबाहेर बोललो होतो त्याबद्दल जे बोलायचं ते आता बोललो. त्यांनी मान हलवली.

"खरंच होतं ते," नत्थूजी म्हणाले. "घरात कोनी नाई." मग सावकाश बोलू लागले, माझ्याकडे न पाहता.

लग्न झालं तेव्हा ते अमरावतीला एका लहानशा लॅबमध्ये कामाला होते. बायकोचं नाव कुसुम. न्हाऊन ती अंगणात केस वाळवत बसायची, तोंडावर ऊन यायचं.

"एक दिवस म्या पाह्यलं, तिच्या डोळ्याच्या काठाले पिवळं पिवळं चमकून राह्यलं. म्या म्हनलं, कुसुम, तुह्या डोळ्यात सोन्याचं कडं हाय. लाजली. मंग रोजचंच झालं आमचं. म्या म्हनाचं, वर पाय, खाली पाय. कुसुम विचारे, हाय का आज? म्या म्हनाचं, हाय."

समोरून एक स्ट्रेचर गेलं. नत्थूजींनी पाय आवरून घेतले.

मग कप सुटायला लागले. मग बोलणं अडखळायला लागलं. तिच्या आईने तिला भगताकडे नेलं. नत्थूजी तिच्यावर रागावले होते, एका महिन्यात तीन कप फोडले म्हणून. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा तिला इथे आणलं.

"डॉक्टरनं उजेड मारला अन् विचारलं, हे कडं कधीपासून हाय? राऊतभाऊ, मी दिवस सांगू शकलो असतो. दीड वर्ष रोज पाह्यलं होतं म्या ते. रोज पन्नास लोकाईचं रक्त तपासत होतो, घरातल्या मानसाचं नाई तपासलं. अन् जे दिसलं त्याले सोनं म्हनलं."

गोळ्या सुरू केल्या, पण लिव्हर गेलेलं होतं. तिच्यामागे ते अमरावतीला परत गेलेच नाहीत. ज्या दवाखान्यात कळलं तिथेच नोकरी धरली, आणि दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याची हनुवटी धरायला लागले.

प्राची आमच्यासमोर उभी राहून ऐकत होती. ती खाली बसली, फरशीवरच, आणि नत्थूजींच्या खिशातली टॉर्च काढली.

"काका, तुमचे डोळे कोनी पाह्यले का आतापावेतो?"

"माह्ये? माह्ये कायले?"

"वर पाहा," प्राची म्हणाली आणि त्यांची हनुवटी धरली.

तिचा हात कापत होता, त्यामुळे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर इकडेतिकडे नाचत होता. नत्थूजींनी वर पाहिलं. मग तिने खाली पाहा म्हटलं, त्यांनी खाली पाहिलं आणि डोळ्यांतलं पाणी नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओघळलं. तिने घाई केली नाही. एक डोळा नीट पाहिला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"काई नाई," ती म्हणाली. "जा" मात्र म्हणाली नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. वर्ध्याच्या स्टँडवर प्राचीने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही, आणि खिडकीची जागा पकडून त्यांना आत बसवलं. मला जागा मिळाली नाही. मी आष्टीपर्यंत उभा राहून आलो आणि नत्थूजी आष्टीपर्यंत बसून आले.